कपाटातला टीव्ही, बेचाळीस पोरं आणि घरच्या चार भाषा : इंग्रजी शिकवायचं कसं?

खडूवाला | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवतो. शाळेचं नाव सांगत नाही, उगाच खुलासा मागवतील.

वर्गात ४२ पोरं. माध्यम मराठी, पण ते दाखल्यावर. घरी २६ जणांची तेलुगू, सात जणांची कन्नड, पाच जणांची दखनी उर्दू आणि उरलेल्या चौघांची मराठी. म्हणजे ज्या भाषेतून मी गणितापासून परिसर अभ्यासापर्यंत सगळं शिकवतो, ती ३८ जणांची दुसरी भाषा. इंग्रजी तिसरी. टीव्हीवरची हिंदी मोजली तर चौथी.

साधनं : देणगीत आलेला ४३ इंची स्मार्ट टीव्ही, लाकडी कपाटात, किल्ली ऑफिसात. काच तडकलेला एक टॅब. माझा फोन, आणि नेटही त्याचंच.

अडचण अशी की इंग्रजीचा धडा मी वाचतो आणि पोरं मागून म्हणतात. छान सुरात म्हणतात. पुस्तक मिटलं तरी म्हणतात! पण मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं की सगळा वर्ग गप्प. टीव्हीवर कविता लावली की नाचतात, टीव्ही बंद झाला की कविता संपली. मराठीच्या पुस्तकाचंही फार वेगळं नाही, फक्त तिथं झाकलं जातं.

तर प्रश्न : या यंत्रांनी वाचायला-बोलायला खरंच शिकवता येतं का, की फोटो काढून ग्रुपवर टाकण्यापुरतंच ते? केलेलं सांगा. 'इंटरॅक्टिव्ह पॅनेल घ्या' वगैरे नको, पैसे नाहीत.

उगाचच | रविवार, रात्री ९.५२

किल्ली ऑफिसात आहे हे वाचून गहिवरून आलं. आमच्या शाळेत प्रोजेक्टर होता. खंडेनवमीला त्याला हार घालायचो. बाकी वर्षभर त्याची विश्रांती.

कडकभाकरी | रविवार, रात्री १०.१५

सर, राग मानू नका, पण इंग्रजी यायला हवी असेल तर सरळ इंग्लिश मीडियमला घालावं. माझी दोन्ही मुलं तिकडेच आहेत. टीव्ही, टॅब हे सगळं वरवरचं.

पूर्वभाग_जुनाच | रविवार, रात्री १०.३१

@कडकभाकरी, हे विडी घरकुलातल्या बाईला सांगून बघा. फी, बस, गणवेश, वर ट्यूशन. आणि तिथं तरी काय होतं? माझा पुतण्या इंग्लिश मीडियमला आहे. 'माय फादर इज अ वीव्हर' हे तो मान डोलवत म्हणतो. वीव्हर म्हणजे काय रे विचारलं तर म्हणे, "चांगला माणूस." त्याचा बाप दिवसभर मागावर असतो बे!

उगाचच | रविवार, रात्री १०.३४

भाषांतर चुकलं असेल, पण भावार्थ बरोबर आहे की ओ.

अक्कलकोटची_बाई | रविवार, रात्री ११.०५

खडूवाला सर, तुमचा धागा माझ्याच वर्गावरून लिहिल्यासारखा वाटला. मी अक्कलकोट तालुक्यात, सीमेला लागून असलेल्या गावात आहे. पोरं कन्नड, शाळा मराठी.

पहिली दोन वर्षं मीही टीव्हीवर इंग्रजी गाणी लावायचे. मग एकदा स्पीकर बिघडला आणि त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा बोलला. चित्र चालू, आवाज नाही. एक पोरगं उठून कन्नडमध्ये सांगायला लागलं की बघा, माकडानं टोपी पळवली. दुसरं म्हणालं, पळवली नाही, पडली होती ती उचलली. तावातावानं भांडण! मी फळ्यावर मराठीत 'टोपी पडली' आणि 'टोपी पळवली' लिहिलं, खाली इंग्रजीत दोन वाक्यं. 'द कॅप फेल' आणि 'ही टुक द कॅप'. दोन्हींतला फरक मला समजावावाच लागला नाही, त्यावर आधीच मारामारी झाली होती.

तेव्हापासून माझा नियम एकच, टीव्हीचा आवाज बंद. चित्र टीव्हीचं, आवाज पोरांचा. आधी घरच्या भाषेत, मग मराठीत, शेवटी इंग्रजीत एक किंवा दोनच वाक्यं. स्पीकर नंतर दुरुस्त होऊन आला, मी सांगितलं नाही कुणाला.

मोगलाई_पेठ | रविवार, रात्री ११.२०

+१. शेवटच्या वाक्याला विशेष मोदक.

जुना_पेन्शनर | सोमवार, सकाळी ६.४८

सुप्रभात. मी ३३ वर्षं शिक्षक होतो, बहुतेक नोकरी उत्तर सोलापूर तालुक्यात. थोडा इतिहास सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं यंत्रं कालच आली.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. २००० साली ती पहिलीपासून झाली. ज्या गुरुजींनी आयुष्यात इंग्रजीचं एक वाक्य तोंडानं उच्चारलं नव्हतं, त्यांच्या हातात पहिलीचं इंग्रजी आलं. मी त्यातलाच एक. तेव्हा मला कुणी तारलं असेल तर रेडिओनं आणि टेपरेकॉर्डरनं. आकाशवाणीवर इंग्रजीचे पाठ लागायचे, मी ते कॅसेटवर भरून घ्यायचो आणि रात्री घरी ऐकायचो. बायको म्हणायची, पोरांच्या आधी तुम्हीच पहिलीत बसलात. खरंच होतं ते.

सांगायचं असं की यंत्र आधी शिक्षकाच्या कामाचं आहे, पोरांच्या नंतर. 'व्हेजिटेबल'चा उच्चार मला चाळिशीत कळला. तो मला फोननं आता एका सेकंदात सांगितला असता. त्यात लाज कसली?

अवांतर : पाण्याचा दिवस असला की तुमच्याकडे हजेरी किती असते? आमच्या काळी निम्मी. कोणतंही ॲप आणा, घागर भरायला पोर घरीच राहणार.

खडूवाला | सोमवार, दुपारी १.३०

@जुना_पेन्शनर, गुरुजी, आजच पाणी होतं. ४२ पैकी २५.

पुण्यातली_सोलापूरकर | सोमवार, रात्री ८.१०

मी आयटीत आहे, माहेर साखर पेठेचं. काही गोष्टी सुचवते.

मोठ्यानं वाचून घेणारी ॲप्स बघा. मूल वाचतं, फोन ऐकतो, बरोबर शब्द रंगवतो आणि अडलेला शब्द स्वतः म्हणून दाखवतो. गूगलनं २०१९ च्या मार्चमध्ये हिंदी-इंग्रजीसाठी 'बोलो' काढलं होतं. पुढच्या वर्षी त्याचं नाव 'रीड अलाँग' झालं, त्यात मराठी, तेलुगू, उर्दूही आल्या. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही.

दुसरं, प्रथम बुक्सची गोष्टींची साइट 'स्टोरीवीव्हर'. ८ सप्टेंबर २०१५ ला ८०० गोष्टी आणि २४ भाषांवर सुरू झालं होतं, आता कितीतरी जास्त आहेत. एकच गोष्ट तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत आणि इंग्रजीत मिळते, चित्रं तीच. परवाना खुला आहे, छापा, बदला, स्वतः भाषांतर करा, कुणी विचारणार नाही. फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं.

तिसरं, क्यूआर कोड. बालभारतीच्या पुस्तकात असतात ते 'दीक्षा' ॲपवर उघडतात. वर्गात उघडत बसू नका, चाक फिरत राहतं. आदल्या रात्री घरी उतरवून ठेवा.

पूर्वभाग_जुनाच | सोमवार, रात्री ८.४४

ताई, सगळं बरोबर, पण आमच्याकडे एक गोष्ट पुण्यात बसून ऐकू येत नाही. माग! घराच्या खालच्या खोलीत चार माग चालू असतात, वरच्या खोलीत पोरगं वाचतंय. रीड अलाँग मी बघितलेलं नाही, दुसरं एक तसलंच ॲप धाकटीला दिलं होतं, नाव घेत नाही. ती घसा ताणून 'कॅट' म्हणते आणि ते म्हणतं, मला ऐकू आलं नाही. शेवटी ती मागावरच ओरडली, "बंद कर की बे!" मागवाला म्हणजे मीच.

आणि दुसरी गंमत. आमच्या तेलुगूत शब्द स्वरावर संपतो. बस नाही, बस्सु. कार नाही, कारु. मग पोरगी बुक म्हणताना हलकंच 'बुक्कु' म्हणते. ॲपला ते पसंत नाही. सात वेळा चूक दाखवली. आठव्या वेळी तिनं फोन उशीखाली ठेवला.

मोगलाई_पेठ | सोमवार, रात्री ८.५९

हसून हसून पुरेवाट. कन्नडवाल्यांचंही तेच, बस्सु आणि कारु. आणि आमच्या गल्लीतले दखनी बोलणारे पुढून जोडतात, इस्कूल, इस्टेशन. एका बाकावर दोघं बसले तर एक म्हणणार 'स्कूलु', दुसरा म्हणणार 'इस्कूल'. दोन्ही मिळून एक शाळा पुरी होते.

अक्कलकोटची_बाई | सोमवार, रात्री ९.२५

हे हसण्यावारी नेऊ नका, मी तर यावरच पाठ घेते. पोरांना सांगते की चुकत नाही, तुमची जीभ आपल्या घरच्या रस्त्यानं जाते. कन्नडचा रस्ता शेवटी 'उ'कडे वळतो, उर्दूचा सुरुवातीला 'इ'वरून जातो. इंग्रजीचा शेवटी एकदम थांबतो. मग 'बुक' म्हणून ओठ घट्ट मिटायचा खेळ. नाही जमला तरी चालतं, बुक्कु म्हणणाऱ्याला पुस्तक मिळाल्याशी कारण. बोलणं ओळखणारी यंत्रं बहुतेक मोठ्या माणसांच्या, ठरावीक ढंगाच्या आवाजांवर तयार झालेली असतात, लहान मुलांचं आणि परभाषिकांचं बोलणं त्यांना जड जातं. यंत्राची मर्यादा पोराच्या माथी मारू नये.

@पुण्यातली_सोलापूरकर, तेलुगू गोष्टींचं एक विसरलात. खडूवाला सरांची पोरं तेलुगू *बोलतात*. लिपी कुठं येते त्यांना? मराठी शाळेत देवनागरी शिकली. तेलुगू गोष्ट छापून दिली तर ती पोरांना जिलेब्यांची ताटली दिसेल.

पुण्यातली_सोलापूरकर | सोमवार, रात्री ९.३१

अय्या, खरंच की. मलाही तेलुगू वाचता येत नाही आणि मी दुसऱ्यांना सुचवतेय!

सुपातलं_पान | सोमवार, रात्री ११.४८

नवीन सदस्य आहे, वाचत होते, आज लिहिते. आई विड्या वळायची. हजार विड्या झाल्याशिवाय उठायची नाही. आम्ही बहिणी शाळेतून आलो की पानं कापायला बसायचो, फरमा ठेवायचा आणि कात्री फिरवायची. पुस्तक उघडायला वेळ कुठला? पण हात गुंतलेले असले तरी डोळे मोकळे असायचे, आणि समोर टीव्ही.

दूरदर्शनवर चित्रहार लागायचं. एके वर्षी गाण्याखाली गाण्याचेच शब्द यायला लागले, हिंदी गाणं आणि हिंदीच शब्द. गाणं पाठ असायचं, त्यामुळे पुढचा शब्द कोणता ते आधी माहीत. मग तो खाली दिसायचा. मी हिंदी वाचायला तिथं शिकले, शाळेत नाही. आईला सहीपुरतंच येत होतं, ती पण एकदा म्हणाली, "हे 'दिल' लिहिलंय ना?" सूप मांडीवर, हातात विडी, आणि टीव्हीवरचा 'दिल' तिला वाचता आला. मी कधी विसरणार नाही.

आता दवाखान्यात नोकरी करते. इंग्रजीत नोंदी लिहाव्या लागतात. तेव्हा इंग्रजीचं असं काही असतं तर बरं झालं असतं एवढंच.

बीएड_एमएड_वगैरे | मंगळवार, सकाळी १०.०२

@सुपातलं_पान, तुमचा प्रतिसाद छापून लावावा असा आहे. ते शब्द आपोआप आले नव्हते. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी यांची ती कल्पना, १९९६ मधली. भाषांतर न देता जी भाषा ऐकू येते तीच खाली लिहायची. १९९९ मध्ये गुजरातेत टीव्हीवर करून पाहिलं, २००२ पासून चित्रहारला. वाचायला शिकवतोय असा आव न आणता वाचायला लावणं, ही त्यातली गोम.

खडूवाला सर, म्हणून इंग्रजी गाणं लावायचंच असेल तर खाली इंग्रजी शब्द दिसतील असं लावा, मराठी नको. आणि आठवडाभर तेच एक गाणं. पोरं कंटाळत नाहीत, आपण कंटाळतो.

थोडं शास्त्र : कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला. खेळता-भांडताना लागणारी दुसरी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण धड्याची, गणिताच्या शाब्दिक उदाहरणाची भाषा यायला पाच ते सात वर्षं जातात. तुमचा चौथीतला पोरगा मैदानावर फर्डा मराठी बोलतो म्हणून त्याला मराठी 'येते' असं आपण धरतो आणि शाब्दिक उदाहरणात तो आपटतो. मग म्हणतो, गणित कच्चं. आणि कॅनडात तर आजूबाजूला सगळी इंग्रजीच असते. अशोक चौकात इंग्रजी कोण बोलतंय? फलकावर तेवढी असते.

उगाचच | मंगळवार, सकाळी १०.१०

तीही 'बिल्डींग मटेरीअल सप्लायर्स' इतकीच.

बीएड_एमएड_वगैरे | मंगळवार, सकाळी १०.१६

हसा, पण तीच वाचायला लावा! फलकांचे फोटो काढून टीव्हीवर दाखवा. 'सायकल मार्ट', 'टॉवेल', 'कोल्ड्रिंक'. ही इंग्रजी त्यांच्या रस्त्यावरची आहे.

कडकभाकरी | मंगळवार, दुपारी २.४०

आपल्याच जिल्ह्यातले डिसले गुरुजी बघा की. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत राहून त्यांनी क्यूआर कोड आणले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला. मग बाकीच्यांना का जमत नाही?

जुना_पेन्शनर | मंगळवार, दुपारी ३.१५

अहो, दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्यातलं निम्मं त्यांनी उरलेल्या नऊ जणांत वाटून टाकलं, हे आधी बघा. त्यांनी आधी काय केलं? गावातली मुलं घरी कन्नड बोलतात म्हणून स्वतः कन्नड शिकले. कोड नंतर आला. आपण कोडचा फोटो काढतो आणि कन्नडचं विसरतो.

आणि प्रत्येक गुरुजींनी जगज्जेतं व्हावं हा आग्रह सोडा. सचिन झाला म्हणून गल्लीतल्या पोरांनी क्रिकेट सोडलं नाही.

रानपाखरू | मंगळवार, दुपारी ४.००

हे सगळं ठीक, पण मुळात इतक्या भाषा पोरांवर लादायच्या कशाला? आधी हिंदीचा तो घोळ झाला, आता

व्यवस्थापक | मंगळवार, दुपारी ४.०६

वरील प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. १६ एप्रिल २०२५ चा हिंदीचा शासन निर्णय आणि २९ जूनला झालेली माघार यावर आपले चार धागे आहेत, चारही कुलूपबंद. पाचवा इथे नको.

उगाचच | मंगळवार, दुपारी ४.०९

त्यांची किल्ली पण ऑफिसात का?

एमआयडीसी_नाईटशिफ्ट | बुधवार, पहाटे ३.२०

शिक्षक नाही, टॉवेलच्या कारखान्यात आहे. इंग्रजी मोबाइलवरच शिकलो. मशिनवरच्या सूचना यायच्या, समजायच्या नाहीत. मी काय करायचो, फोनला सांगायचो वाचून दाखव, आणि नंतर माझाच आवाज भरून त्याच्या शेजारी लावायचो. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून फोन फेकावासा वाटला. पण त्यानंच सुधारलो. कुणाला कळत नाही आपण किती वेळा चुकलो ते. एवढंच.

बीएड_एमएड_वगैरे | बुधवार, सकाळी ९.३०

वर 'सुरात म्हणतात पण कळत नाही' हा मुद्दा राहून गेला. 'असर' या शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. शंभरातल्या सुमारे ५७ जणांना वाचता आली, आणि ज्यांना वाचता आली त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. म्हणजे उरलेले चौथा हिस्सा नुसता सूर लावतात. तेही चौदा वर्षांपुढचे! तुमची नऊ वर्षांची गप्प होतात यात नवल नाही.

पुण्यातली_सोलापूरकर | बुधवार, रात्री ८.५५

लिपीचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. @एमआयडीसी_नाईटशिफ्ट यांच्यावरून सुचलं. तेलुगू वाचता येत नाही ना? मग ऐकवा! कुणाच्या तरी आजीकडून गोष्ट तेलुगूत सांगून घ्या, फोनवर भरा. नेट नको, ॲप नको, साधा रेकॉर्डर. पोरांनी ती ऐकायची, मग मराठीत लिहायची, मग इंग्रजीत त्यांच्यापुरती चार वाक्यं करायची आणि स्वतः भरायची.

फक्त एक, पोरांचे आवाज-व्हिडिओ ग्रुपवर फिरवू नका. आईबापांना विचारून घ्या आणि शाळेच्याच कार्डात ठेवा.

खडूवाला | बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. करून बघतो आणि इथेच लिहितो. किल्लीचा अर्ज आजच दिला.

मोगलाई_पेठ | १८ दिवसांनी, रविवार, सकाळी ११.००

धागा वर काढतोय. सर, किल्ली मिळाली का?

खडूवाला | रविवार, रात्री ९.१५

मिळाली. म्हणजे कपाटाची बिजागरीच निखळली, तेव्हापासून उघडंच आहे.

काय झालं ते सांगतो, लांबेल.

एका पोरीची अव्वा, म्हणजे तेलुगूत आजी, आली. तिला म्हटलं, लहानपणीची एखादी गोष्ट तेलुगूत सांगा, फोनमध्ये भरतो. ती म्हणाली, हात रिकामे असले की मला बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी सूप घेऊन आली. विड्या वळत कोल्ह्याची गोष्ट सांगितली. मागं पानांचा चुरचुर आवाज आलाय, तो मी ठेवला. वर्गात लावली तर २६ पोरं खदाखदा हसली आणि बाकीची 'काय, काय' करायला लागली. मराठी त्या दिवशी गरजेची झाली, कारण हसण्याचं कारण सांगायला दुसरी भाषाच नव्हती.

चित्र काढायला दिलं आणि भांडण. तेलुगू पोरांनी म्हातारीखाली लिहिलं 'अव्वा'. कन्नड पोरगा म्हणाला, "ही कुठं अव्वा? अव्वा म्हणजे आई. ही अज्जी." दोघंही बरोबर! दखनीवाली म्हणाली, दादी. फळ्यावर तिन्ही लिहिले, शेजारी आजी, आणि खाली 'ग्रँडमदर'. हा एक शब्द आता मधूनच विचारला तरी कुणी गप्प बसत नाही.

फसलं ते पण सांगतो. घाईत एका भाषांतराच्या ॲपला पोरांची मराठी वाक्यं दिली. 'अव्वा सुपात विड्या वळते' याचं त्यानं इंग्रजी केलं की आजी 'सूप'मध्ये विड्या वळते, पातळ प्यायचं ते सूप. मी ते तसंच टीव्हीवर लावलं, मलाच कळलं नाही. एक पोरगा म्हणाला, "सर, सूप म्हणजे हॉटेलात असतंय ते ना?" मग अर्धा तास सूप आणि सूप. शेवटी सुपाचं चित्र काढून शेजारी 'ट्रे' लिहिलं. त्यानंतर पोरं ॲपचं प्रत्येक वाक्य चुकीचं आहे का ते तपासतात. इतक्या बारकाईनं त्यांनी माझं कधी वाचलं नव्हतं.

रेकॉर्डिंगला वर्गात गोंगाट, खिडकीतून मागाचा आवाज. शेवटी खिचडीच्या तांदळाच्या खोलीत गेलो. चारी बाजूंनी पोती, आवाज घुमत नाही. तडकलेला टॅब तिथंच एका पोत्यावर ठेवलाय. एकेकानं आत जायचं, चार वाक्यं बोलायची, ऐकायची, नको असेल तर पुसायची. मी बाहेर.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, जूनपासून तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलाय. ती आत गेली आणि बाहेरच येईना. दार ढकललं तर तांदळाच्या पोत्याला टेकून बसलेली, मला हातानं 'थांबा' केलं. तिनं अकरा वेळा भरलं, दहा वेळा पुसलं. अकरावं मला दिलं. चार वाक्यं, त्यातल्या एकात अजून 'ट्रेयु' आहे. पहिले दहा कसे होते मला माहीत नाही, कधी कळणारही नाहीत. @एमआयडीसी_नाईटशिफ्ट, तुमची आठवण आली.

जे जमलं नाही ते : मराठी वाचनात अजून नऊ जण अक्षराला अक्षर जोडतायत. त्यांना हे रेकॉर्डिंग आवडतं, पण वाचायला बसवलं की जैसे थे. त्यांच्यासाठी वेगळं काही लागेल, त्यात टॅबचा उपयोग दिसत नाही. आणि टीव्ही आठवड्यातून दोनदाच लावतो, आवाज बंद.

अक्कलकोटची_बाई | रविवार, रात्री ९.४०

त्या नऊ जणांना रोज वीस मिनिटं वेगळं बसवा, जमिनीवर, अक्षरकार्डं घेऊन. इयत्ता विसरा, जिथं आहेत तिथून. माझ्याकडे तेच चाललं. यंत्राचा तिथं खरंच उपयोग नाही.

कडकभाकरी | रविवार, रात्री ९.५८

माझी मुलगी शेजारी बसून हे वाचत होती. ती इंग्लिश मीडियमची. म्हणाली, पप्पा, विनोइंग ट्रे म्हणतात सुपाला. मग विचारलं, तू पाहिलंय का सूप? नाही म्हणाली. उद्या मार्केटात नेऊन दाखवतो.

सुपातलं_पान | रविवार, रात्री १०.१२

सर, त्या अव्वांची गोष्ट मला ऐकायला मिळेल का? आई आता नाही, पण पानांचा आवाज ऐकायचाय.

खडूवाला | रविवार, रात्री १०.२५

ताई, त्यांना उद्या विचारतो. त्या हो म्हणाल्या तर फक्त त्यांचाच आवाज पाठवतो, पोरांचा नाही.

बाकी, कार्ड भरत आलंय. ३२ जीबीचं आहे. ६४ घेऊ का?

जुना_पेन्शनर | सोमवार, सकाळी ६.३०

६४ घ्या. पैसे मी देतो. आणि पाण्याच्या दिवशी मला बोलवा, पंचवीसच पोरं असतात ना, त्यातली ती नऊ मी घेऊन बसतो.